मागच्या बाकावर कोण बसणार?

कोणत्याही माध्यमिक शाळेच्या शिक्षक-खोलीत मधल्या सुट्टीत थोडा वेळ बसले, तर एक तक्रार हमखास कानी पडते. ‘नववी ब’वर तास असणे म्हणजे शिक्षाच झाली आहे, मुले ऐकत नाहीत, स्वस्थ बसत नाहीत, वही उघडत नाहीत, बोलावे तर उलट उत्तर मिळते आणि हात उगारावा तर पालक दाराशी उभे राहतात. पालकांच्या घोळक्यात जावे तर तिथे याच्या नेमके उलटे ऐकू येते. शाळेत शिकवितच नाहीत, म्हणून पदरमोड करून क्लास लावावा लागतो, हे त्यांचे गाऱ्हाणे. संस्थाचालक या दोघांकडेही बोट दाखवितात आणि शासन एक नवे परिपत्रक काढून मोकळे होते.

या गलबल्यात एक साधी गोष्ट नजरेआड होते. मुलांचे वर्तन आणि शिक्षकाचे अध्यापन हे दोन वेगळे प्रश्न नाहीत. शिस्तीचे काम मुख्याध्यापकांनी करावे आणि शिकविण्याचे शिक्षकांनी, अशी वाटणी कागदावर कितीही सोयीची दिसली, तरी वर्गाचे दार लोटून आत गेल्यावर ती टिकत नाही. ज्या तासाला मुलांना काही कळत असते, त्या तासाला ती बहुधा नीट वागतात. आणि ज्या तासाला ती नीट वागतात, त्याच तासाला त्यांना काही शिकविता येते. ही दोन्ही अंगे एकदम सुधारावयाची तर शिक्षकाला कोणाची तरी डोळस सोबत हवी. ही सोबत आपल्या माध्यमिक शाळांतून जवळजवळ नाहीशी झाली आहे, हे या क्षेत्राचे खरे दुखणे होय.

छडी गेली, पुढे काय?

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो अमलात आला. त्याच्या सतराव्या कलमाने शाळेतील शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंना बंदी केली. हा कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांपुरता आहे, असे कोणी बोट ठेवून दाखवील. पण चौदाव्या वर्षी जे अमानुष ते पंधराव्या वर्षी न्याय्य ठरते, असे कोणताही विचारी शिक्षक म्हणणार नाही. छडी गेली ही चांगलीच गोष्ट झाली. छडीने शांतता मिळत होती, शिस्त मिळत नव्हती. छडीवाले मास्तर वर्गाबाहेर पाऊल टाकतात न टाकतात तोच आत जो गोंधळ उसळे, तो ज्यांनी अनुभवला आहे त्यांना हा फरक समजावून सांगावयास नको.

परंतु छडी काढून घेताना तिच्या जागी काय द्यावयाचे, याचा विचार कोणी केला नाही. पन्नास-साठ किशोरवयीन मुलांना पस्तीस मिनिटे एका कामात गुंतवून ठेवणे ही एक विद्या आहे, आणि ती शिकवावी लागते. ती शिकविली गेली नाही. मग काहींनी छडीऐवजी जिभेचा आसूड हाती घेतला. चारचौघांत मुलाच्या घरची परिस्थिती काढणे, त्याला नावे ठेवणे, तासभर दाराबाहेर उभे करणे हे प्रकार छडीइतकेच बेकायदा आहेत आणि पुष्कळदा तिच्याहून खोल घाव करतात. बहुसंख्य शिक्षकांनी मात्र तिसराच मार्ग पत्करला. त्यांनी मागच्या बाकांशी एक मुका करार केला: तुम्ही गडबड करू नका, आम्ही तुम्हाला प्रश्न विचारणार नाही. या कराराने वर्ग शांत दिसतो, पाहणाऱ्याला समाधान वाटते आणि वर्षही पार पडते. मागच्या दोन रांगांतील दहा-बारा मुलांचे शिक्षण मात्र त्या दिवशीच संपलेले असते. गैरवर्तनापेक्षाही ही शांतता अधिक महाग पडते, कारण तिची तक्रार कोणीच करीत नाही.

‘ढ’ की ‘वांड’?

मुले अशी का वागतात, याचे उत्तर शोधताना मोबाइल, चित्रपट, घरचे लाड अशी यादी नेहमी पुढे केली जाते. त्या यादीत तथ्य नाही असे नाही. पण एक कारण वर्गातच दडलेले आहे. ग्रामीण भागातील चौदा ते अठरा वयोगटाच्या ‘असर २०२३’ या पाहणीत असे आढळले, की या वयाच्या सुमारे चौथा हिस्सा मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा आपल्या भाषेत सफाईने वाचता येत नाही, आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागण्याचे उदाहरण निम्म्याहून कमी, म्हणजे ४३.३ टक्के मुलांनाच बरोबर सोडविता येते. ही पाहणी देशभरातील २८ जिल्ह्यांतली आहे. तथापि आपल्याकडील कोणत्याही तालुक्याच्या गावातील शिक्षकाला ती परकी वाटणार नाही.

आता अशा एका मुलाच्या जागी स्वतःला ठेवून पाहावे. साधा भागाकार ज्याला येत नाही, त्याच्यापुढे नववीच्या बीजगणितातील बहुपदी मांडली जाते. दिवसाला आठ तासिका, आठवड्याचे सहा दिवस, न कळणाऱ्या शब्दांच्या माऱ्याखाली त्याने मुकाट बसावे अशी आपली अपेक्षा असते. मोठ्या माणसांना एखाद्या रटाळ सभेत अर्धा तास बसवत नाही! पंधरा वर्षांच्या मुलाला आपली अब्रू फार प्रिय असते. वर्गात ‘ढ’ म्हणून ओळखले जाण्यापेक्षा ‘वांड’ म्हणून ओळखले जाणे त्याला परवडते, कारण वांडपणाला निदान काही मित्रांची दाद मिळते. त्याच्या वांडपणावर केवळ शिक्षेचा इलाज करणे म्हणजे आजार म्हशीला आणि औषध पखालीला. शाळा सुधारण्याच्या कोणत्याही योजनेत मागे राहिलेल्या मुलांना वाचन आणि मूलभूत गणित पुन्हा शिकविण्याचा तास असलाच पाहिजे. त्यावाचून शिस्तीच्या गप्पा व्यर्थ आहेत.

याचा अर्थ सारा दोष परिस्थितीचा, असा मात्र नाही. तीच ‘नववी ब’ तिसऱ्या तासाला बाजार मांडते आणि चौथ्या तासाला कान टवकारून ऐकते, हा अनुभव प्रत्येक शाळेचा आहे. मुले तीच, खोली तीच, उकाडाही तोच. फरक कशाचा? जेकब कूनिन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने वर्गांचे चित्रीकरण करून या प्रश्नाचा छडा लावण्याचा प्रयत्न केला आणि आपले निष्कर्ष १९७० साली ग्रंथरूपाने मांडले. त्याला आढळले ते असे, की मूल चुकल्यावर शिक्षक काय करतो, किती रागावतो, कसा रागावतो, यावर वर्गाची शिस्त फारशी अवलंबून नसते. यशस्वी शिक्षक वेगळे ठरतात ते चूक घडण्यापूर्वीच्या गोष्टींमुळे. साऱ्या वर्गावर त्यांची नजर फिरत असते आणि ती फिरते आहे हे मुलांना ठाऊक असते. एका कामातून दुसऱ्या कामाकडे जाताना ते वेळ मोकळा सोडीत नाहीत. एकाला प्रश्न विचारताना बाकीच्यांनाही विचार करावयास लावतात. यात जन्मजात दराऱ्याचा भाग थोडा, आणि शिकता येईल अशा सवयींचा भाग फार मोठा आहे.

पाच मिनिटांचा हिशेब

या सवयींचे मोल कळण्यासाठी अगदी साधा हिशेब पुरे. तासिका पस्तीस मिनिटांची धरू. शिक्षक वर्गात आल्यावर मुले जागेवर बसणे, वह्या निघणे, हजेरी, फळा पुसणे यांत पाच मिनिटे गेली, तर तासिकेचा सातवा हिस्सा गेला. वर्षाला २२० दिवस शाळा भरते असे मानले, तर एकतीस दिवसांहून अधिक शिक्षण, म्हणजे शाळेच्या कामाचा एक महिन्याहून मोठा काळ, केवळ ‘सुरुवात’ होण्यात खर्ची पडतो. त्यासाठी कोणी संप केलेला नसतो, पूर आलेला नसतो. घंटा झाल्यावर काय करावयाचे, हे कोणी मुलांना शिकविलेले नसते, एवढेच.

म्हणून वर्तनसुधारणेची सुरुवात भिंतीवरील सुविचारांनी होत नाही. साऱ्या शिक्षकांनी एकत्र बसून चार-पाच गोष्टी ठरवाव्या लागतात: वर्गात प्रवेश कसा करावयाचा, पहिल्या दोन मिनिटांत फळ्यावरचे कोणते काम सुरू करावयाचे, उत्तर द्यावयाचे असल्यास काय करावयाचे, चूक झाली तर पहिली समज कोण देणार आणि नंतर काय होणार. हे नियम जूनच्या पहिल्या आठवड्यात व्याकरणाच्या धड्यासारखे शिकवावे, सराव करून घ्यावे आणि ते प्रत्येक तासाला सारखेच लागू असावेत. आज शाळेत जितके शिक्षक तितके कायदे असतात. एका सरांना उशीर चालतो, दुसऱ्यांना चालत नाही. एका बाईंच्या तासाला हात वर करावा लागतो, दुसऱ्यांच्या तासाला ओरडले तरी भागते. मुले या फटी फार लवकर ओळखतात, आणि त्याची किंमत नेहमी सर्वांत नवा, सर्वांत मवाळ शिक्षक मोजतो. शिक्षा सौम्य असली तरी चालेल. ती निश्चित असली पाहिजे आणि साहेबांच्या लहरीवर अवलंबून असता कामा नये.

शिस्त ही आपलेपणातून येते, हे महाराष्ट्राला बाहेरून शिकण्याची गरज नाही. १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना करणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहांत निरनिराळ्या जातिधर्मांची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत आणि आपल्या कष्टाने आपले शिक्षण पेलत. ‘ही संस्था माझी आहे’ ही भावना तेथील शिस्तीचा पाया होती. आजच्या मुलाला शाळेत असे कोणते काम आपण देतो, की ज्यामुळे ती त्याला आपली वाटावी? पाण्याची टाकी, ग्रंथालयाचे कपाट, मैदानाची आखणी यांतले काहीही मागच्या बाकावरच्या मुलाकडे सहसा सोपविले जात नाही. हुशार मुलांच्या वाट्याला पदे आणि वांड मुलांच्या वाट्याला ताकीद, ही आपली वाटणी ठरून गेली आहे.

बी.एड.नंतरचा एकांत

आता शिक्षकाकडे वळू. बी.एड.च्या विद्यार्थ्याला ‘सूक्ष्म पाठ’ घ्यावे लागतात. सूक्ष्म अध्यापनाची ही पद्धत १९६३ च्या सुमारास अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात आकारास आली आणि पुढे आपल्याकडील अध्यापक महाविद्यालयांत रुजली. पाच-सात मिनिटांचा छोटा पाठ, प्रश्न विचारणे किंवा फलकलेखन असे एकच कौशल्य, मागे बसलेला निरीक्षक, त्याने लगेच सांगितलेल्या उणिवा आणि त्या दुरुस्त करून घेतलेला पुनर्पाठ, असे तिचे स्वरूप. कल्पना निर्दोष आहे. माणूस कोणतीही कला याच रीतीने शिकतो: करून पाहतो, कोणीतरी चूक दाखवितो, पुन्हा करून पाहतो.

पण नवल असे, की ज्या दिवशी खरी मुले, खरा अभ्यासक्रम आणि खरा गोंधळ समोर येतो, त्या दिवसापासून हे सारे थांबते. बी.एड.चा अभ्यासक्रम २०१५ पासून दोन वर्षांचा झाला. परंतु त्यानंतरच्या तीस वर्षांच्या नोकरीत शिक्षकाचा पाठ मनापासून पाहणारे कोणी भेटेल, याची शाश्वती नाही. मुख्याध्यापक लॉगबुकासाठी येतात, दहा मिनिटे बसतात आणि ‘पाठ समाधानकारक, फलकलेखन सुधारावे’ असा शेरा मारून जातात. वर्षअखेरीस गोपनीय अहवाल भरला जातो. प्रशिक्षणे होतात, नाही असे नाही. बारा वर्षांनी वरिष्ठ आणि चोवीस वर्षांनी निवड वेतनश्रेणी मिळविण्यासाठी प्रशिक्षण पुरे करावे लागते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तर दर वर्षी किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा ठेवली आहे. पण सभागृहात किंवा पडद्यासमोर ऐकलेले व्याख्यान आणि ‘नववी ब’चा सहावा तास यांच्यामध्ये जे अंतर आहे, ते कोणत्याही प्रमाणपत्राने कापता येत नाही. पोहण्यावरील भाषणे ऐकून कोणी पोहावयास शिकलेला नाही.

या बाबतीत एक आठवण सांगितली तर ती अप्रस्तुत ठरू नये. प्रस्तुत लेखक नोकरीच्या पहिल्या वर्षी अशाच एका वर्गापुढे हतबल झाला होता. शाळेतील एक ज्येष्ठ शिक्षक, कोणीही न सांगता, दुपारच्या तासाला मागच्या बाकावर येऊन बसले. तास संपल्यावर व्हरांड्यात एवढेच म्हणाले, “सर, तुम्ही फळ्याशी बोलता. मुलांना तुमची पाठ दिसते. उद्या एकच करा, वर्ग शांत झाल्याखेरीज पहिले वाक्य बोलू नका, आणि बोलाल ते मुलांकडे पाहून बोला.” दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आले. तिसऱ्या दिवशी दुसरी एक गोष्ट सांगितली. महिनाभर हा क्रम चालला. त्याची नोंद कोणत्याही वहीत झाली नाही. बी.एड.च्या वर्षाने जे दिले नाही ते त्या महिन्याने दिले, हे आज कृतज्ञतेने नमूद करावेसे वाटते.

एकाच्या नशिबाने जे घडले ते सर्वांसाठी व्यवस्था म्हणून घडावे, अशी अपेक्षा आहे. ‘कोचिंग’ हा शब्द आपल्याकडे शिकवणी-वर्गांनी बळकावला आहे. शिक्षकांनाही कोचिंग लागते, ही कल्पनाच आपल्याला विनोदी वाटते. अन्यत्र तिचा गांभीर्याने अभ्यास झाला आहे. मॅथ्यू क्राफ्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, मुख्यतः अमेरिकेतील, ६० अभ्यासांचा एकत्र आढावा घेऊन २०१८ साली असे दाखविले, की वर्गात येऊन केलेल्या व्यक्तिगत मार्गदर्शनाने अध्यापनात ठळक आणि मुलांच्या संपादणुकीत मोजता येईल अशी सुधारणा होते. दक्षिण आफ्रिकेच्या नॉर्थ वेस्ट प्रांतात प्राथमिक शाळांच्या खालच्या इयत्तांसाठी झालेल्या प्रयोगात, शिक्षकांना एका ठिकाणी बोलावून प्रशिक्षण देण्यापेक्षा मार्गदर्शक वर्गावर पाठविल्याने मुलांच्या वाचनात दुपटीच्या आसपास अधिक प्रगती दिसली. जपानमध्ये तर शिक्षकांनी मिळून पाठ आखावा, एकाने तो घ्यावा, इतरांनी पाहावा आणि मग त्यावर चर्चा करावी, ही परंपराच आहे. क्राफ्ट यांच्या आढाव्याने एक इशाराही दिला आहे: शिक्षकांची संख्या वाढत जाते तसतसा अशा योजनांचा परिणाम ओसरतो. म्हणजे ही गोष्ट मंत्रालयातून एका फटक्यात राज्यभर लादता येणार नाही. ती शाळेशाळेतून उभी राहावी लागेल.

तपासणी नको, सोबत हवी

काय करता येईल? वीस शिक्षकांची एक शाळा घेऊ. प्रत्येकाच्या वर्गात पंधरवड्यातून एकदा पंधरा मिनिटे कोणी बसले आणि नंतर पंधरा मिनिटे त्याच्याशी बोलले, तर पंधरवड्याला दहा तास, म्हणजे आठवड्याला पाच तास लागतात. हे काम दोन ज्येष्ठ शिक्षकांत वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला आठवड्याला साधारण चार-पाच तासिकांचा भार येतो. तेवढ्या तासिका त्यांना अध्यापनातून कमी करून द्याव्यात. एका भेटीत एकच गोष्ट सांगावी आणि पुढच्या भेटीत तीच पाहावी. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे या भेटींचा गोपनीय अहवालाशी, वेतनश्रेणीशी किंवा संस्थेच्या राजकारणाशी काडीचाही संबंध असू नये. ज्या दिवशी मार्गदर्शकाच्या वहीतील ओळ शिक्षकाविरुद्ध वापरली जाईल, त्या दिवशी ही योजना संपली असे समजावे. विश्वास बसावा म्हणून मुख्याध्यापकांनीच प्रथम आपला पाठ इतरांना पाहू द्यावा. पाच-सहा शिक्षकांच्या लहान खेड्यांतील शाळांनी शेजारच्या शाळांशी जोडून घ्यावे. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने शाळासंकुलांची कल्पना मांडली आणि २०२० च्या धोरणाने तिचा पुन्हा उच्चार केला. ती कागदावरून उतरविण्यास याहून चांगले निमित्त मिळणार नाही.

यावर आक्षेप येतील. पहिला वेळेचा. शिक्षकांच्या रिक्त जागा, घड्याळी तासिकांवर चालणारे वर्ग, निवडणुकीची आणि माहिती भरण्याची कामे यांत मार्गदर्शनाला सवड कुठली? हा आक्षेप खरा आहे आणि त्याचे उत्तर शासनाने द्यावयाचे आहे. शिक्षक न भरता शिक्षक सुधारता येत नाहीत. परंतु जिथे जागा भरलेल्या आहेत तिथेही वर्गांची दारे बंदच आहेत, हे विसरू नये.

दुसरा आक्षेप मानाचा. वीस वर्षे शिकविणाऱ्याला कोणी काय सांगावे? मैफली गाजविलेला गवई गुरूपुढे बसून पुन्हा तोच षड्ज लावतो, त्यात त्याला कमीपणा वाटत नाही. शिकविण्याच्या व्यवसायातच शिकणे कमीपणाचे मानले जावे, हा विरोधाभास आपण किती दिवस जपणार? मुले बिघडली असे म्हणताना ‘नाचता येईना अंगण वाकडे’ ही म्हण आपल्याला तर लागू पडत नाही ना, हे तपासण्याचे धैर्य या व्यवसायाने दाखविले पाहिजे. ते धैर्य एकट्याने येत नाही. शेजारचा सहकारी सोबत असला तर येते.

तिसरा आक्षेप असा, की हे सारे मुलांचे लाड आहेत. तो मात्र गैरसमजावर आधारलेला आहे. दुबळ्या मुलाला छळणारा, मुलींची वाट अडविणारा, शिक्षकावर धावून जाणारा विद्यार्थी असेल, तर शाळेने त्याच दिवशी ठामपणे उभे राहिले पाहिजे. पालकांना बोलाविले पाहिजे आणि इतर मुलांचे संरक्षण केले पाहिजे. तिथे कच खाणारी शाळा भल्या मुलांचा विश्वासघात करते. पण अशी मुले हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असतात. उरलेल्यांसाठी कणखर, प्रेमळ आणि सर्वांना सारखी अशी रोजची व्यवस्था पुरेशी असते.

या वर्षीही कोणत्या तरी शाळेत पंचविशीतला एखादा नवा शिक्षक, हातात टाचणवही घेऊन, ‘नववी ब’च्या दाराशी उभा असेल. आत गलका चालू असेल. तो चार महिने झगडेल. मग एक तर आवाज चढवू लागेल, नाही तर मागच्या बाकांशी तो मुका करार करून टाकील. त्याने तो करार केला, की त्या बाकांवरची दहा-बारा मुले दहावीच्या निकालाच्या दिवशीच पुन्हा आपल्या नजरेस पडतात, आणि तीही अनुत्तीर्णांच्या संख्येत. हे टाळावयाचे असेल तर त्या शिक्षकाच्या आधी दोन मिनिटे एखाद्या ज्येष्ठाने आत जाऊन मागच्या बाकावर बसले पाहिजे. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, इमारत लागत नाही, फारसा पैसाही लागत नाही. आपल्या शाळेत हे काम कोण करणार, एवढा एकच प्रश्न प्रत्येक मुख्याध्यापकाने येत्या शिक्षकसभेत विचारावा, आणि उत्तर मिळाल्याखेरीज सभा संपवू नये.